नानांची सायकल-परीक्षा

नाना पुराणिक मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गव्हाची पिशवी होती आणि दूधविनायकाच्या गल्लीत ठाण मांडून बसलेल्या बैलाला ते वळसा घालत होते. एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. बँकेतल्या बदलीमुळे मी गंगेकाठच्या या शहरात, त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आलो होतो. "सायकल घ्यायची आहे," त्यांनी मला समजावलं. "गल्लीतून उचलूनच न्यावी लागणार. किती वजन झेपतं ते आधी पाहायला नको?"

नाना बँकेतूनच निवृत्त झालेले. नोकरीच्या सुरुवातीला ते गंगेपलीकडे, चुनारच्या वाटेवरच्या एका गावी होते. तिथला रोखपाल रामजतन त्यांचा जिवलग. दोघं मिळून सायकलीवर कर्जवसुलीला हिंडायचे. आता रामजतन तिथंच आजारानं अंथरुणाला खिळले होते. त्यांनी फोनवर नानांना डिवचलं होतं, "साइकिल से आना, पंडित. बस से तो सब आते हैं."

तेव्हापासून नानांचा शोध सुरू होता. लांब पल्ल्याची, पण कमरेला फार वाकायला न लावणारी सायकल हवी. डांबरी सडकेवर पळायला हवी आणि शेवटी त्या गावाजवळच्या नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठची खडीही सोसायला हवी. म्हणजे टायर रुंद, पण अति रुंद नको. सिगरा भागातल्या सायकलच्या दुकानात ते सायकलीवर बसत, डोळे मिटत आणि उतरत. दुकानदारानं विचारलं, "पसंद आई?" की म्हणत, "सोच के बताएँगे."

मी घाई केली की मला ऐकवत, "जल्दी काय आहे? सायकल का भाजी आहे, शिळी व्हायला?"

सुमतीकाकू आतून म्हणत, "लग्नाच्या वेळी मला एकदाच पाहिलंत. तेव्हा नाही एवढा सोच-विचार केला."

"तेव्हा अक्कल कुठं होती?" नाना म्हणत.

अशी होळी गेली, पावसाळा गेला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळीच रामजतन यांच्या मुलाचा फोन आला. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. इस्पितळातून घरी आणलं होतं, पण वाचा गेली होती. नानांनी फोन खाली ठेवला, चहा तसाच टाकला आणि मला म्हणाले, "चला, दुकानात जाऊ."

दुकानात त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. एक निळी सायकल बाहेर काढली, "जरा चौकापर्यंत चालवून पाहतो," म्हणाले आणि गेले.

ते परत आलेच नाहीत. अर्ध्या तासानं दुकानदार माझ्याकडे संशयानं पाहू लागला. नानांचा फोन लागेना. तासाभरानं त्यानं मला बसायला खुर्ची दिली, ती दाराच्या बरोबर मध्ये. मी ओलीस आहे हे मला कळलं. काकूंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पोचतील. तुम्ही जेवून घ्या."

दुपारी नानांचा फोन आला. धाप अजून ओसरली नव्हती.

"खडीवर बरी चालते," ते म्हणाले. "कंबरही ठीक आहे."

"नाना, रामजतनजी कसे आहेत?"



"बोलता येत नाही त्याला. सायकल खाटेजवळ नेली. एका हातानं हँडल धरलंय, सोडतच नाही. त्याची सून म्हणते, झटका आल्यापासून आज पहिल्यांदा हसला." मग म्हणाले, "दुकानदाराला सांगा, ही घेतली. पण आणायला वेळ लागेल."

मी फोन ठेवला आणि दुकानदाराला सगळं सांगितलं. त्यानं माझी खुर्ची दारातून उचलून आत पंख्याखाली ठेवली.

"उनसे कहिए," तो म्हणाला, "धूप उतर जाए, तब चलें."