कोपऱ्यातली तारीख

पडद्यावर माझा फोटो होता. माझा म्हणजे मी काढलेला. आमच्या वर्गातलं टेबल, टेबलावर अंथरलेलं पोतं, पोत्यावर कॉम्प्युटर. फोटोखाली मी कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकलेला प्रश्न, जसाच्या तसा. माझं, गावाचं आणि संस्थेचं नाव तेवढं काळ्या पट्टीनं झाकलं होतं.

नगरमधल्या एका कॉलेजचा हॉल. गच्च भरलेला. ग्रुपचे ॲडमिन सर माईक धरून उभे होते. वर मथळा होता, 'मदत कशी मागू नये'. सरांनी माझा प्रश्न वाचला. साधा नाही वाचला, आमच्याकडचा हेल काढून वाचला.

"सर, आठ मशिनी हायेत. चालू व्हत्यात पन एक बी साईट उघडंना. अपडेट बी व्हईना. पोरांचं धडं बंद पडल्यात. सोमवारी मानसं येनार हायेत. कायतरी सांगा."

हॉल हसला. सरांनी पोत्यावर हातातल्या लेझरचा लाल ठिपका फिरवला. "आणि हे बघा. लिनक्स थेट बाजार समितीत पोचलंय!"

पुन्हा हसले. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत माझ्याकडं वळल्या. "कसले कसले लोक येतात ना ग्रुपवर."

माझ्या पायाशी, गोधडीत गुंडाळलेलं, त्या आठांतलंच एक मशीन होतं. पाथर्डीपासून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. मी ते टाचेनं खुर्चीखाली सारलं. आणि मीही हसले. खोटं कशाला सांगू? सगळे हसत होते, म्हणून हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

मी हंगामी वसतिगृहात शिकवते. आमच्या भागात दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. ट्रक भरतात, जीप भरतात, दाराला कुलूप. मागं राहिलेल्या पोरांसाठी गावच्या शाळेत हे वसतिगृह चालतं, माणसं परत येईपर्यंत. मग सहा महिने बंद. माझ्या लहानपणी असलं काही नव्हतं. मी टोळीबरोबरच फिरले, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत. परत यायचे तेव्हा वर्ग निम्मं पुस्तक संपवून पुढं गेलेला असायचा. मास्तर हजेरीत माझं नाव शोधायचेसुद्धा नाहीत. "उसाची पोरगी, बस मागं," एवढंच. मी मागं बसायचे. शिकले तरी मागं बसूनच शिकले.

म्हणून त्या आठ मशिनांवर माझा जीव होता. शहरातल्या एका संस्थेनं वापरून झालेली दिली होती. जुनी, दमलेली. नेहमीची सिस्टिम टाकली की धापा टाकायची. मग मला हा लिनक्सवाल्यांचा ग्रुप सापडला; लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी सिस्टिम. एक हलकी लिनक्स होती, जुन्या मशिनांवरसुद्धा पळणारी. तिच्या मूळ मालकांनी एक दिवस ठरवलं की इतकी जुनी मशिनं आता सांभाळायची नाहीत. तेव्हा काही लोकांनी तीच सिस्टिम घेऊन वेगळी चूल मांडली. याला ते फोर्क म्हणतात. त्यांच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, 'कुठलंच मशीन टाकाऊ नसतं.' मी ते फळ्याच्या वरच्या अंगाला खडूनं लिहिलं आणि दोन वर्षं पुसू दिलं नाही. मशिनाबद्दल लिहिलं होतं. माणसाबद्दल त्यात काही नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मी ती मशिनं लेकरासारखी जपली. शाळेला अर्थिंग नाही, मशिनाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून टेबलावर पोतं. वर्ग संपला की प्लग उपसून ठेवायचे, कारण आमच्याकडची लाईट कधी कमी, कधी जास्त. वसतिगृह बंद झालं की सगळ्या वायरी काढून जुन्या लुगड्यात गुंडाळायचे. आमच्या शिवारात वीज पडते. गावातला एक टीव्ही असाच जळाला होता. सहा महिने आठही मशिनं झाकून, बांधून, कुलपात. एवढी काळजी मी घरातल्या भांड्याकुंड्यांची घेतली नाही.

या वर्षी दिवाळीनंतर लुगडी सोडली, प्लग लावले. चालू झाली. पण धडे उघडेनात. कुठलंही पान उघडा, सुरक्षित नाही म्हणायचं. अपडेट करायला गेलं की इंग्रजीत एकच सूचना. शब्दकोश घेऊन बसले, तेव्हा अर्थ लागला. 'ही फाईल अजून वैध झालेली नाही.' अजून नाही म्हणजे काय? कधी होणार? मी सिस्टिम पुसून नवीन टाकली, वायर बदलली, नेटवाल्याशी भांडले. शेवटी हात टेकले.

संस्थेला पोरांची हजेरी त्याच मशिनांवरून रोज जायची. ती जाईना. तीन आठवड्यांनी फोन आला. "वापर शून्य दिसतोय. सोमवारी माणसं येतील. बंद असतील तर उचलून नेऊ."

मंगळवारचा दिवस होता. वर्गातूनच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, गावाच्या आणि संस्थेच्या नावासकट. एरवी मी नीट लिहिते. पण त्या दिवशी जीव घाबरा झाला होता, तोंडात आलं तसं लिहिलं. उत्तरं आली. 'आधी मॅन्युअल वाचा.' 'मराठी तरी नीट लिहा.' 'भंगारात घाला.' एकानं नुसता पोत्यावर गोल करून हसरा चेहरा लावला. ॲडमिन सरांनी सगळ्यांसाठी म्हणून लिहिलं, 'शनिवारी नगरला मेळावा आहे. अडलेली मशिनं घेऊन या.' मला वाटलं, चला, रस्ता निघाला.

तर अशी मी त्या हॉलमध्ये बसले होते. हसून झाल्यावर मान वर करवेना. पण फोटो अजून पडद्यावरच होता, आणि भिंतीएवढा मोठा होता. माझ्याच वर्गाकडं मी परक्यासारखी बघायला लागले. टेबलाला पडलेली चीर दिसली. मशीनच्या पडद्यावरची धूळ दिसली. मग उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. बारा वाजून वीस मिनिटं. शेजारी तारीख. एक जानेवारी, दोन हजार नऊ.

मी खुर्चीत पुढं सरकून ती पुन्हा वाचली.

मशीनच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असतानाही तो घड्याळ चालतं ठेवतो. प्लग लावलेला असला की त्याच्यावर भार येत नाही. मी मात्र जपणूक म्हणून प्लग काढून काढून आठही सेल मारून टाकले होते. रोज प्लग उपसला की घड्याळ पुसलं जायचं आणि बारापासून सुरू व्हायचं. माझा वर्गही बारालाच सुरू व्हायचा. त्यामुळं वेळ बरोबरच दिसायची. साल कोण बघतं? मशीनला वाटत होतं आपण दोन हजार नऊमध्ये आहोत. आजची फाईल त्याच्या लेखी अजून जन्मलेलीच नव्हती.

चूक माझी होती. माझ्यासारखी कुणीही करेल अशी. पण उत्तर त्या फोटोतच होतं, आणि एवढ्या जाणत्या माणसांनी चार दिवस तो फोटो बघितला होता. सगळ्यांना पोतं दिसलं.

मी उभी राहिले. "सर, तो फोटो माजा हाय."

शेजारच्या बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"तारीक बगा, कोपऱ्यात," मी म्हणाले.

सरांनी वळून बघितलंसुद्धा नाही. "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी," ते म्हणाले आणि पुढचं पान आणलं. शेवटी वेळ उरला नाही.

चहाच्या टेबलापाशी मी त्यांना गाठलं. गाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं, सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले. त्यातला दुसरा अच्छा मला लहानपणापासून ओळखीचा आहे.

"सर, सेल गेल्यात. तारीक मागं गेली म्हनून साईट उघडत न्हाईत."

"हो, ते तर बेसिक आहे."

"मग सांगितलं का न्हाई?"

त्यांनी चहाचा घोट घेतला, कुणालातरी हात केला आणि तिकडं गेले. मी एसटी स्टँडवर पोचेपर्यंत ग्रुपवर त्यांची टीप आली होती. 'जुन्या मशिनांवर काही उघडत नसेल, तर आधी तारीख आणि सेल तपासा.' खाली अंगठेच अंगठे. 'सर, ग्रेट.' माझा प्रश्न नियमात बसत नाही म्हणून काढून टाकला होता.

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, आला नाही. मला नुसती सोमवारची घाई होती. घड्याळजीच्या दुकानातून आठ सेल घेतले आणि गाडीत बसले. रविवारी एकेक मशीन उघडलं, सेल बसवला, तारीख घातली. पहिल्याच मशीनवर धडा उघडला आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत आठही चालू. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हजेरी गेली. पोरींनी वर्गातच फुगडी घातली.

सोमवारी टेम्पो आला. संस्थेचे दोघं उतरले. मी त्यांना वर्गात नेलं. आठही पडदे उजळलेले, पोरं धडे करत बसलेली.

"बगा की, समद्या चालू हायेत," मी म्हणाले.

त्यातला मोठा खाली बघत म्हणाला, "मॅडम, आम्हाला उचलायला सांगितलंय. रिपोर्ट झालाय."

त्यानं कागद दाखवला. 'स्थानिक शिक्षिकेकडे संगणक हाताळण्याची क्षमता नाही. संच परत घ्यावेत.' खाली संस्थेच्या तांत्रिक सल्लागाराची सही आणि नाव. ॲडमिन सरांचं नाव. तोवर मला तारीख बघायची सवय लागली होती. कागदावर मंगळवारची तारीख होती. मी ग्रुपवर प्रश्न टाकला, तो मंगळवार. म्हणजे मदत मागितली त्याच दिवशी निकाल लागला होता. चहाच्या टेबलावर माझं गाव विचारताना त्यांना हे ठाऊक होतं.

"इथं पोच म्हणून सही करा," तो म्हणाला. बोट 'क्षमता नाही' त्या ओळीखाली होतं.

मुख्याध्यापक गुरुजी दारात उभे होते. "करून टाका बाई. उगं वाकड्यात शिरू नगा."

पेन हातात घेतलं. आयुष्यभर अशा कागदांवर मी सह्या केल्यात. माझ्या आईनं अंगठे दिलेत, वर काय लिहिलंय ते न विचारता. हात कागदावर टेकला आणि तिथंच थांबला.

"ही वळ खोडा. मंग करते."

त्यांनी सरांना फोन लावला. स्पीकरवर सरांचा आवाज आला. "ताई, पर्सनली घेऊ नका हो. तो फॉरमॅट असतो."

"माज्या नावावर ल्हिलंय, सर. मंग कुनी घ्यायचं?"

फोन बंद झाला. सही नसली तरी मशिनं नेता येतात, हे मला तेव्हा कळलं. ते वायरी ओढायला लागले, तशी मी पुढं झाले. "थांबा, मी बंद करते." आठही मशिनं मी नीट बंद केली, एकेक करून. मग मीच टेम्पोत चढवू लागले, कारण ते आपटत होते. खाली पोतीसुद्धा माझीच घातली. पोरं भिंतीला टेकून उभी होती. कुणी रडलं नाही. आई-बाप ट्रकमधून जाताना बघितलेली पोरं ती, त्यांना जाणाऱ्या गाडीकडं बघायची सवय आहे. मला मात्र रडू आवरलं नाही.

आता आम्ही पुठ्ठ्यावर कीबोर्डाच्या कळा काढून टायपिंग शिकतो. बोटं बरोबर पडतात, अक्षर कुठंच उमटत नाही.

संस्थेचा फोन अजून येतो. माझ्या सहीशिवाय फाईल बंद होत नाही आणि मशिनं दुसऱ्या शाळेला देता येत नाहीत. गोदामात पडून आहेत. परवा सांगितलं, सही करा, दोन मशिनं परत पाठवतो. गुरुजी म्हणाले, "पोरांचं तरी बगा." ते लागलं मला. पोरांचंच बघते आहे का माझ्या नाकाचं, हे मी स्वतःला रोज विचारते, आणि रोज उत्तर मिळतंच असं नाही. पण ती ओळ तशीच राहिली, तर पुढच्या वर्षी कुणी आमच्या शाळेचं नाव काढलं की तो कागद निघेल. तिकडच्यांना जमत नाही, म्हणतील. उसाची पोरं, बसा मागं.

त्या आठ मशिनांत माझे सेल आहेत. गोदामाच्या अंधारात, प्लग नसताना, आठही घड्याळं चालू आहेत. आजची तारीख, आजचं साल.

येत्या सोमवारी मी संस्थेच्या ऑफिसात जाणार आहे. तो फोटो मोठा छापून घेतलाय, पोत्यासकट. माझ्याच भाषेत बोलणार आहे. एक रेघ मारायची आहे त्यांना, मिनिटभराचं काम. ती मारेपर्यंत मी तिथून उठणार नाही, आणि त्या ओळीखाली सही करणार नाही.