पडद्यामागून दिलेलं बक्षीस

वर्ष संपत आलं की वर्तमानपत्रांत याद्या सुरू होतात. यंदाचे चांगले सिनेमे कोणते, बक्षीस कुणाला मिळायला हवं, कुणाचं हुकलं. माझा मुलगा त्या याद्या मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि गालातल्या गालात हसतो, कारण आई आता चिडणार हे त्याला ठाऊक असतं. मी चिडतेच. हे निकाल देणारे सगळे पडद्याच्या पुढच्या बाजूला बसलेले असतात. मीही एकदा परीक्षक होते, आणि मी सिनेमा मागून पाहिला होता. माझा निकाल तेव्हा मानला गेला नाही. मी तो अजून बदललेला नाही.

मागून म्हणजे अक्षरशः मागून. आमच्या उमरीला तंबूतला सिनेमा यायचा. पडदा तंबूच्या मधोमध बांधायचे. मशीनच्या बाजूला पुरुष बसत आणि पडद्याच्या पलीकडे बायका. कापड पातळ होतं, उजेड आरपार यायचा, म्हणून चित्र आम्हालाही दिसायचं. फक्त आमच्याकडे उजव्याचं डावं होऊन यायचं. हिरो डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने मारामारी करायचा. सुरुवातीच्या पाट्या उलट्या, त्यामुळे नट-नट्यांची खरी नावं आम्हा बायकांना कधी कळलीच नाहीत. आम्हीच त्यांना नावं ठेवायचो. एक रडकी, एक टप्पोऱ्या डोळ्यांची, एक नाकात बोलणारा. दुसरी बाजू आम्ही बघितलेलीच नव्हती, त्यामुळे आपली बाजू उलटी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूवाला पडद्यावर पाणी मारायचा. कापड ओलं असलं की मागच्या बाजूला चित्र उठून दिसतं. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी पाऊस नव्हता. तंबूवाला म्हणाला, प्यायला पाणी नाही, पडद्याला कुठून आणू? पुढच्या बाजूला काहीच फरक पडला नाही. आमच्या बाजूला चित्र पुसट झालं. बायकांनी तक्रार केली तर पुढून एक जण ओरडला, "पुढं तर झ्याक दिसून राहिलंय की!"

त्याच वर्षी तो मोठा रंगीत सिनेमा आला, ज्यात नायक-नायिका पावसात भिजत गाणं म्हणतात. ते गाणं मला जन्मात विसरता येणार नाही. पडद्यावर धो धो पाणी आणि आम्ही सगळ्या त्या पाण्याकडेच बघतोय. माझ्या शेजारची म्हातारी शेवटी न राहवून म्हणाली, "अगं बायांनो, खाली एखादी घागर तरी लावा की गं." आम्ही इतक्या हसलो की गाण्याचं पुढं काय झालं ते कळलंच नाही.

आणि त्याच तंबूत मी मायसोबत तो दुसरा सिनेमा पाहिला. साधा, फारसा न चाललेला. त्याची नायिका मला आता आठवतही नाही. आठवते ती त्यातली एक पोक्त बाई. ती वरच्या आळीच्या विहिरीवर जाते आणि बादली सोडते. भरलेली बादली अर्ध्यावर आलेली असताना एक माणूस काठी घेऊन येतो आणि तिच्यावर उगारतो. ती दोर सोडत नाही. एक हात दोरावरच ठेवते आणि दुसऱ्या हाताने वरच्यावर ती काठी धरते. ओरडत नाही, रडत नाही. नुसती धरून उभी राहते.

माय उठून उभी राहिली. मागच्या बायका म्हणाल्या, खाली बस, दिसत नाही. ती बसली नाही. ते दृश्य संपेपर्यंत माझी माय तंबूत एकटी उभी होती.

ती का उभी राहिली हे मला माहीत होतं. मी लहान असताना गावच्या विहिरीवर एकाने तिची भरलेली घागर लाथेने उडवली होती. आमच्या घराने दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पण विहीर जिथल्या तिथेच होती. माय चेपलेली घागर उचलून, माझं बोट धरून मुकाट्याने घरी आली. पुन्हा त्या विहिरीच्या पायरीवर तिने पाय ठेवला नाही. लांबच्या हापशावरून पाणी आणायची. दुष्काळात हापसा आटला. मग टँकर यायचा आणि सगळं पाणी त्याच विहिरीत ओतायचा. माय घागरी घेऊन लांब उभी राहायची आणि कुणाला दया आली तर तिची घागर भरून मिळायची. मला त्या दयेचा संताप यायचा. मायवरही यायचा.

तंबूतून परत येताना ती एवढंच बोलली, "पाह्यलंस का? कामाचा हात कामावरच ठिवला बाईनं. डाव्या हातानं काठी धरली." आणि थोड्या वेळाने, "असल्या बाईला इनाम देत्यात का न्हाई कुनी?"

त्यानंतर लवकरच मला लातूरला टंकलेखिकेची नोकरी लागली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. भाड्याच्या इमारतीत कचेऱ्या, खुर्च्या इथून तिथून मागून आणलेल्या, फलकांचा रंग अजून ओला. प्यायच्या पाण्याची बोंब होती, पण उत्साह असा की विचारू नका. जिल्हा झाला म्हणजे जिल्ह्याला शोभेल असं सगळं हवं. कर्मचाऱ्यांच्या मंडळाने ठरवलं की जिल्ह्याच्या वर्धापनदिनाला सिनेमाची बक्षिसं द्यायची. मुंबईचे सिनेमे आमच्याकडे उशिरा येत, म्हणून आपल्या भागात यंदा लागलेले सिनेमे धरायचे. परीक्षक तीन. एक कॉलेजातले प्राध्यापक, दुसरे बक्षिसाच्या ढाली देणारे कापडाचे शेठ, आणि एक बाई असावी म्हणून मी.

सुट्टीत मायला सांगितलं. तिने घागर घासता घासता मान वर केली. "मग सांग त्यास्नी. त्या इहिरीवरच्या बाईचं." माझ्या मायने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणाले.

बैठक शेठच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर झाली. शेठ गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारत म्हणाले, "ताई, चहा पूर्ण घ्या, पाणी मात्र अर्धा गिलास." माणूस वाईट नव्हता. उत्कृष्ट सिनेमा म्हणून त्यांनी तो पावसाचा रंगीत सिनेमा सुचवला. मी म्हणाले, जिल्ह्यात टँकर चालू असताना एवढं पाणी सांडणाऱ्याला ढाल द्यायची? दोघं हसले आणि माझा विरोध हसण्यावारी गेला.

मग अभिनेत्रीचं निघालं. प्राध्यापक सरांनी टप्पोऱ्या डोळ्यांची सुचवली. मी विहिरीवरच्या बाईचं नाव घेतलं. नाव म्हणजे वर्णनच, खरं नाव मला कुठे माहीत होतं! मी भरभरून बोलले. कामाचा उजवा हात तिने दोरावर ठेवला आणि डाव्या हाताने काठी अडवली, या एका गोष्टीत तिचा सगळा अभिनय आहे, असं मायचं म्हणणं मी माझं म्हणून मांडलं.

सर म्हणाले, "काठी ती उजव्या हाताने धरते. बाई, तुम्ही हा सिनेमा पाहिलाय ना?"

शेठही म्हणाले, "उजव्याच हातानं, ताई. मी बी पाहिलाय इथं टॉकीजात."

मला क्षणभर कळेना. मग तंबू डोळ्यांसमोर आला, आणि तो पातळ पडदा. मी सांगितलं, आम्ही पलीकडून बघतो. सर खो खो हसले. "म्हणजे तुम्ही सिनेमा उलटा पाहिलात! अहो, परीक्षकाने तो नीट पाहायला नको का? हे मत धरता येणार नाही. आपण एकमताने म्हणून जाहीर करून टाकू, म्हणजे तुमचाही मान राहील."

मी म्हणाले, "सर, मी हौसेनं मागं बसले नव्हते. आम्हाला तिथं बसवलंय. अर्धं गाव तिथूनच बघतं. दिसलं ते पुसट दिसलं, उलटं दिसलं, पण बघितलं आम्ही. एकमत नाही."

शेठ हळूच म्हणाले, "आमची आई बी मागंच बसायची." पण मत काही त्यांनी बदललं नाही.

समारंभाला माय आली. उमरीहून नांदेड आणि तिथून एसटीने लातूर, फडक्यात भाकरी बांधून. शाळेच्या मैदानावर बायकांसाठी दोरी लावून वेगळी जागा केली होती, तिथे ती बसली. मी मंचावर तिसऱ्या खुर्चीवर. सर माइकपुढे गेले आणि म्हणाले, "परीक्षकांच्या एकमताने उत्कृष्ट अभिनेत्री..."

मी उठले. माइकपर्यंत गेले आणि म्हणाले, "एकमत नाही. माझं मत विहिरीवरच्या बाईला."

पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली, कोण विहिरीवरची बाई? दोरीपलीकडे मात्र कुणालाच विचारावं लागलं नाही. गावोगावच्या बायका होत्या त्या, आणि पाट्या त्यांनीही कधी वाचल्या नव्हत्या. एकीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. सर माइकवर हात धरून मला खाली बसायला सांगत होते. मी टाळ्या थांबेपर्यंत बसले नाही. ढाल टप्पोऱ्या डोळ्यांचीच झाली आणि पुढच्या वर्षी मला कुणी परीक्षक केलं नाही.

रात्री माझ्या खोलीवर मी मायला खरं सांगितलं. "माय, आपलं चुकलं गं. काठी तिनं उजव्या हातानं धरली होती."

माय भाकरी मोडत होती. "हात कंचा बी आसंना," ती म्हणाली. "दोर सोडला का तिनं?"

"नाही."

"मग झालं तर."

सुट्टी काढून मी तिला पोचवायला उमरीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला आणि विहिरीत पाणी ओतून गेला. माय घागर घेऊन निघाली, मी मागोमाग. नेहमीच्या जागी ती थांबेल म्हणून मी थांबले. ती थांबली नाही. पायऱ्या चढली, बादली सोडली. वरच्या आळीचा एक जण म्हणाला, "ए म्हातारे, मागं हो." बाकीच्या बायका बाजूला सरल्या. मायने त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. तो आणखी एक पाऊल पुढे आला आणि का कोण जाणे, तिथेच थांबला.

मी धावत पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. या वेळी मला सगळं पुढून दिसत होतं. दोर तिच्या दोन्ही हातांत होता आणि बादली वर येत होती.