घंटा पुढच्या जुम्म्याले

हबीबचा फोन मला कधीच यायचा नाही. यायचा तो फोटो. चहाच्या रिकाम्या ग्लासाचा फोटो आला की समजायचं, हा बाजारातल्या टपरीवर बसलाय आणि आपण निघायचंय. कुलपाचा फोटो आला की समजायचं, हा माझ्या फोटो स्टुडिओसमोर उभा आहे आणि मी अजून घरीच लोळतोय. कानांनी त्याची साथ सोडून बरीच वर्षं झाली होती, मग फोन लावून तो करणार काय? म्हणून त्या बुधवारी सकाळी मोबाइलवर त्याचं नाव उमटलं आणि मोबाइल वाजायला लागला... वाजतच राहिला... तेव्हा उचलायच्या आधीच मला कळलं. पलीकडून शमीमभाभी, हबीबच्या पत्नी, बोलत होत्या. "भाऊ, हे गेले जी. नमाजले उठले अन् तिथंच बसले..."

दिग्रसच्या कब्रस्तानात त्या दिवशी बरीच माणसं होती. मूठमूठ माती देऊन झाल्यावर जो तो म्हणत होता, मानूस सोन्याचा होता, कोनाच्या अध्यात ना मध्यात. मला, खरं सांगतो, राग आला. अध्यात-मध्यात असायला त्याला कोणी बोलावलं होतं कधी? यातली कितीतरी माणसं गेली काही वर्षं त्याच्याशी नुसती मान हलवून बोलत होती. समोरून आला की हात वर करायचा, दात दाखवायचे आणि पुढे चालू पडायचं. मग माझा मीच थंड झालो. बहिऱ्याशी बोलायचं तर गळा लागतो आणि सवड लागते, आणि या दोन्ही गोष्टी हल्ली कोणाकडे शिल्लक नसतात.

हबीब कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. आमची ओळख भांडणातून झाली. त्याच्या निकाहचे फोटो मी काढले होते आणि त्यातल्या एकात त्याच्या मामूची टोपी वरून कापली गेली होती. फोटोंचं पाकीट घेऊन तो तरातरा स्टुडिओत आला. "मामूची टोपी कायले कापली बे? त्याइले काय डोकंच नाही का?" मी म्हटलं, टोपी पुरती घेतली असती तर तुझे पाय कापले गेले असते, आणि नवरदेव तू होतास. तो जरा वेळ फोटोकडे बघत राहिला, मग खदखदून हसला आणि चहा पिऊनच गेला. तेव्हापासून मी त्याच्यासाठी 'फोटो' झालो. सुधाकर हे माझं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही.

दर शुक्रवारी टॉकीजला नवा सिनेमा लागायचा आणि आम्ही दोघं पहिल्याच खेळाला हजर असायचो. पण कापसाच्या हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या जिननं त्याचे कान हळूहळू कुरतडले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग माणसांचे. म्हणायचा, "घरी आलो तरी जिन डोक्यात चालूच राह्यते, बंद करायचं बटनच नाही सापडत." मशीन मात्र त्याला शेवटपर्यंत समजत राहिली. तो तिच्या अंगावर पंजा ठेवून उभा राहायचा आणि बिघाड सांगायचा. मशीन बंद केल्यावरही हात उचलायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "लोखंड लगेच गप नाही होत बे. थोडा येळ हातात राह्यते." टॉकीज बंद पडून तिथं मंगल कार्यालय झालं त्याच सुमाराला हबीबचे कानही पुरते गेले. त्याआधी त्याच्या पोरांनी यवतमाळहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून यानं ड्रॉवरमध्ये टाकलं. लाव रे बाबा, लाव रे बाबा, असं मी किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी दुसरा उपाय केला. माझी मिशी चांगली भरघोस होती. हबीब ओठ बघून बोलणं ओळखायला शिकला होता, पण माझ्या बाबतीत त्याचं घोडं अडायचं. "तुया तोंडावर पडदा हाय," म्हणायचा. एक दिवस मी न्हाव्याकडे जाऊन मिशी सफाचट करून आलो. बायको आठवडाभर हसत होती. हबीब हसला नाही. माझ्या ओठांकडे बघून म्हणाला, "आता बोल." त्याच बैठकीत त्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती मी विसरू शकत नाही. "लगनात, टपरीवर, सारे हासत असतात तवा मी पन हासतो. कायले हासलो, ते मले घरी जाऊनयी समजत नाही." एवढं सांगून तो पुन्हा हसला आणि मला कुठे बघावं ते कळेना.

माझी मुलगी मंजू पुण्यात कार्टून काढायचं काम करते. एका दिवाळीला तिनं एक पेनड्राइव्ह आणला आणि म्हणाली, "बाबा, हे हबीबकाकांसाठी. यात कोणी बोलतच नाही." तिकडच्या बर्फाच्या देशांतले, जुने, कोणाच्या फारशा खिजगणतीत नसलेले सिनेमे होते ते. माणसांनी हातानं केलेले. कुठे माती, कुठे कातरलेला कागद, कुठे नुसता कोळसा. मी त्याला समजावलं की बाहुली जराशी हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो, तेव्हा कुठे कावळा एकदा पंख हलवतो. त्यानं डोळे मोठे केले. "म्हंजे हा तुयाच धंदा हाय की! फक्त यायनं टोपी नाही कापली."

रोल धुणं बंद झाल्यापासून स्टुडिओमागची माझी डार्करूम अडगळ होऊन पडली होती. दुपारीही मिट्ट काळोख. तिथं घरचा जुना टीव्ही लावला. बसायला एक स्टूल होतं, ते मी घेतलं. हबीबनं स्वतःसाठी जिनमधल्या भंगारातला पाइप जोडून एक हातांची खुर्ची केली आणि डोक्यावर उचलून आणली. शुक्रवारची, जुम्म्याची नमाज झाली की तो यायचा, मी शटर अर्धं ओढायचो. शमीमभाभी सगळ्यांना सांगायच्या, "नातवं अभ्यास करून राह्यले अन् हे दोन म्हातारे कार्टून पायते." तरी संध्याकाळी हबीब घरी गेला की आज काय पाह्यलं ते त्याच्याकडून सगळं ऐकून घ्यायच्या.

काय काय पाहिलं आम्ही! एक मातीचा कावळा होता. तो गावभर फुटलेली खापरं गोळा करून स्वतःसाठी जोडीदार घडवतो, आणि चोच तेवढी उरत नाही म्हणून स्वतःची काढून देतो. एका म्हातारीचे दोरीवर वाळत घातलेले कपडे उतरून चालू लागतात आणि ती प्रत्येकाला बोलावून बोलावून घरी आणते, एक सदरा मात्र काही केल्या येत नाही. तो कोणाचा, हे कोणी सांगत नाही आणि सांगावं लागतही नाही. आजकालच्या कार्टूनमध्ये सगळे जण किंचाळत असतात, पोरं घास गिळत गिळत बघतात आणि विसरतात. हे जुने सिनेमे तसे नाहीत. ते आपल्याजवळ बसून राहतात. वाचकांना मी एवढंच सांगेन की शोधा, मिळतात. आणि बघाल तेव्हा कोणाला तरी जवळ घेऊन बघा.

कारण बोलणं नसलं तरी त्यात आवाज होतेच, संगीत होतं. हे हबीबला पहिल्याच दिवशी कळलं. त्यानं मशीनवर ठेवतो तसा टीव्हीवर पंजा ठेवला, पण टीव्ही कसला बोलतोय! मग खुर्चीत बसून त्यानं हात माझ्याकडे केला. "काय वाजून राह्यलं? सांग ना बे." मी त्याच्या हाताच्या पाठीवर बोटानं वाजवून दाखवलं. तेव्हापासून तेच ठरून गेलं. बासरी असली की बोट हळू फिरवायचं, ढोल असला की पेरं, पाऊस असला की पाचही बोटं. टीव्हीकडे बघायचं, कानानं ऐकायचं आणि हातानं सांगायचं, अशी माझी तारांबळ व्हायची. कधी चुकलो की तो ओरडायचा, "कावळा रडून राह्यला अन् तू वरातीचा बँड काहून वाजवतो?" खरं म्हणजे त्या सिनेमांमधलं संगीत मीही त्याच्यामुळेच ऐकलं. कोणाला सांगायचं असलं की माणूस नीट ऐकतो.

शेवटच्या जुम्म्याला आम्ही कोळशानं काढलेला एक सिनेमा लावला होता. डोंगरावरच्या देवळाची घंटा फुटते म्हणून खालच्या गावातला एक माणूस नवी घंटा पाठीवर बांधून डोंगर चढायला निघतो. वाटेत कोणी त्याच्या मदतीला येत नाही. घंटेच्या तोंडात त्यानं कापड कोंबलंय, आवाज पहिल्यांदा वरच व्हावा म्हणून. हबीब पुढे सरकून बसला होता. माणूस वर पोचला, घंटा टांगली, कापड ओढून काढलं, दोरी हातात घेतली... आणि लाइट गेली. आम्ही दोघांनी एकदम कपाळाला हात लावला. बराच वेळ अंधारात बसून राहिलो, लाइट काही आली नाही. अंधारात ओठही दिसत नाहीत, त्यामुळे बोलणंही नाही. अखेर असरच्या, दिवस कलतानाच्या नमाजची वेळ झाली तसा तो उठला. शटरखालून बाहेर पडता पडता वाकून म्हणाला, "राहू दे, फोटो. घंटा पुढच्या जुम्म्याले वाजवू."

पुढचा जुम्मा आला तेव्हा तो नव्हता. मी शटर अर्धं ओढलं, पुन्हा वर केलं, आणि पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं ते बरं झालं. पेनड्राइव्ह टीव्हीला तसाच होता, पण माझा हात जाईना. आता ओठ कोणाला दाखवायचे? मिशी पुन्हा वाढली आहे. बायको नातवासाठी पुण्याला असते, ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "जुने दिसायला लागलात." मी हो म्हटलं. दिवसभरात चार माणसं भेटतात, बोलतात, मला सगळं ऐकू येतं, आणि घरी आल्यावर त्यातलं काहीच आठवत नाही. हे एकटेपण मला नवीन आहे. हबीब त्यात किती वर्षं राहत होता, हे मला आता कुठे समजतंय.

परवा शमीमभाभींकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मी निघताना दारात म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? त्या मानसाची घंटा वाजली का? हे त्या दिवशी घरी येऊन सारं सांगत होते. म्हने, कशी वाजन, ते फोटो मले बराबर सांगन." मी म्हटलं, "अजून पाहिलं नाही, भाभी." त्या म्हणाल्या, "मंग पाहा ना. मले सांगा."

म्हणून काल दुपारी शटर ओढलं. सवयीनं स्टुलावरच बसलो आणि डावा हात हबीबच्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर ठेवला. त्या माणसानं दोरी ओढली. घंटा हलली. खालच्या झाडांवरचे सगळे पक्षी एकदम उडाले, शेतातल्या बाईनं विळा टाकून वर बघितलं, कुत्र्याचे कान उभे राहिले... आणि आवाज नाही. मला वाटलं, टीव्ही बिघडला. आवाज वाढवला, मागे नेऊन पुन्हा लावलं, कान नेऊन टेकवला. डोंगर चढतानाचं त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं, वारा ऐकू येत होता. घंटा तेवढी नाही. करणाऱ्यानंच तिला आवाज दिला नव्हता. हबीब असता तर त्यानं हात पुढे करून विचारलं असतं, काय वाजून राह्यलं? आणि मी म्हटलं असतं, मलेही काही नाही ऐकू आलं बे, देवाशपथ. त्याला ते पटलं नसतं. इतक्या सिनेमांमध्ये हा एकच क्षण होता, जो आम्हा दोघांना सारखाच ऐकू आला असता, आणि तोच त्याच्याशिवाय बघावा लागला. मी रडलो. डार्करूममध्ये कोण बघतंय?

सिनेमा संपला तरी मी बसून होतो. मग मूठ वळली आणि त्याच्या खुर्चीच्या हातावर, जिथं त्याचा हात असायचा तिथं, जोरात एकदा मारली, आणि लगेच पंजा टेकवला. पोकळ पाइप आहे तो. बराच वेळ हाताखाली थरथरत राहिला.

संध्याकाळी शमीमभाभींच्या दारात उभा राहून त्यांना सांगितलं, "वाजली, भाभी."