एक पेटी बिअर, मजुरी म्हणून

ग्लेनिस हार्कनेसच्या भिंतीत मी स्वतः स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला आहे. मुठीपर्यंत गेला. बाहेरून भिंत पांढरी, गुळगुळीत, नव्या कवळीसारखी. आत लाकूड ओल्या केकसारखं. टाऊरांगा शहरात आमच्या गल्लीतली सगळी घरं अशीच. छपराला वळचण नाही, वर प्लास्टरचा पातळ थर, आत औषध न लावलेलं पाइन. तेव्हा तशी फॅशन होती. पाऊस मात्र जुनाच होता.

घर बांधलं कॉलिन स्ट्रॅकननं. ग्लेनिसच्या नवऱ्याचा, बेव्हनचा, रग्बी क्लबातला दोस्त. दर हिवाळ्यात भिंतीवर डाग उमटला की कॉलिन फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी घेऊन यायचा, खिडकीच्या कडेनं बोट फिरवायचा.

"झालं बघ, ग्लेन. आता मुंगीसुद्धा शिरायची नाही."

ग्लेनिस त्याला चहा आणि स्कोन द्यायची आणि जाताना त्याच्या गाडीत बिअरची पेटी ठेवायची. आमच्याकडे दोस्ताशी पैशांचं बोलणं म्हणजे शिवी. तक्रार करणं त्याहून वाईट. म्हणून ही माणसं हसत हसत कुजतात.

मग पलंगामागं भिंतीला अळंबी फुटली. बेव्हनच्या छातीत बुरशी बसली. तो हॅमिल्टनला मुलीकडे जाऊन राहिला. स्वतःच्या घरात त्याला श्वास पुरत नव्हता. भिंती उकलून पुन्हा बांधल्याशिवाय तो परतणार नव्हता. ग्लेनिसनं गळक्या घरांच्या लवादाकडे दावा लावला.

कॉलिनच्या वकिलानं पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं. घर बांधून दहा वर्षं उलटली की दावा बुडतो, आणि घराला अकरावं लागलं होतं. एकच फट उरली: मधल्या वर्षांत कॉलिननं केलेली दुरुस्ती हे मोबदला घेऊन केलेलं काम धरलं, तर त्या वाईट कामाचा जाब त्याला द्यावा लागणार होता.

"काम कसलं?" वकील म्हणाला. "माझे अशील मित्राच्या घरी चहाला जात. जाता जाता मदत करत. एक छदाम घेतला नाही."

क्लबातली चार माणसं मागच्या खुर्च्यांवर बसली होती. कॉलिनच्या बाजूनं. त्यातला एक ग्लेनिसला ऐकू जाईल असं पुटपुटला, "दोस्ताला कोर्टात खेचते. बेव्हनला लाज वाटत असेल."

ग्लेनिस गर्रकन वळली. "बेव्हनला श्वास लागतोय, बॅरी. लाज वाटायला छाती लागते."

तिनं वकील केला नव्हता. आयुष्यभर शाळेतल्या पोरांचे दात तपासलेली बाई. उलटतपासणीला स्वतःच उभी राहिली.

"कॉलिन, मी तुला दर वेळी विचारायचे ना, किती द्यायचे?"

"विचारायचीस की. भली आहेस तू."

"आणि तू काय म्हणायचास?"

"एक पेटी दे, झालं." त्यानं मागं बघून डोळा मारला. "आणि स्वस्तातली नको म्हणायचो."

"एखाद्या वर्षी दिली नसती तर?"

कॉलिन खदखदून हसला. "मग पुढच्या वर्षी माझं भूत आलं असतं सिलिकॉन लावायला!"

मागच्या खुर्च्याही हसल्या. समोर बसलेल्या लवादाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे पेटी नाही तर काम नाही, असंच ना?"

कॉलिनचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आतला माणूस निघून गेल्यासारखं. वकिलानं त्याच्या बाहीला हात लावला. उशीर झाला होता. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं: पेटी ही मजुरीच. फक्त तसं म्हणायचं नसतं.

निकाल ग्लेनिसच्या बाजूनं लागला. क्लबातलं कुणी तिला दुकानात ओळख देईना. ती म्हणाली, "बरं झालं. तेवढा चहा वाचला."

भिंती उतरवल्या तेव्हा गल्लीभर वास सुटला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. त्यांच्याही भिंती त्याच हातच्या होत्या. नवा सुतार टोंगा बेटांवरचा, लातू नावाचा, धिप्पाड आणि अबोल. नवी वळचण बसली. बेव्हन परत येण्याच्या आदल्या दिवशी ग्लेनिसनं लातूला कुंपणाची एक फळी ठोकायला सांगितली.

"ह्याचे किती, लातू?"

"ह्याचे काय घ्यायचे, मॅडम? एक पेटी बिअर द्या, झालं."

ती फाटकापाशी थिजली. मग असं ओरडली की मी रस्त्यापलीकडून, झाडांना पाणी घालायचा पाइप टाकून धावलो.

"बिल लिही! फळी एक, खिळे किती, तारीख घाल. आणि खाली सही कर!"

लातू माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि फळीच्या तुकड्यावर लिहायला बसला.