निपाणीहून परत, गोड वासाच्या गाडीतून

शनिवारी सकाळी साडेसहाला बेळगावच्या टिळकवाडीतून निघाले तेव्हा माझं ठरलेलं होतं. निपाणीला जायचं, रविवारी आत्याला घेऊन परतायचं. सोमवारी सकाळी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्याच संध्याकाळी शोरूमला होकार कळवायचा, जुनी गाडी द्यायची, नवी घ्यायची. जुन्या गाडीची ही शेवटची खेप.

गाडी आठशे सीसीची, लाल, सतरा वर्षांची. वडिलांनी निवृत्त झाल्यावर सेकंडहँड घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर मी तिचे कागद पाच वर्षांसाठी वाढवून घेतले, त्यातली तीन उरली आहेत. दारं खालून गंजली आहेत. ते चालवून घेता येतं. पण दिवाळीपासून ती तापू लागली. दर आठवड्याला इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी व्हायचं आणि खाली थेंबही दिसायचा नाही. उद्यमबागेतल्या मेकॅनिकने दोनदा गाडी ठेवून घेतली. बाहेर गळत नाही म्हणजे इंजिनच पितंय, असं त्याचं म्हणणं. इंजिन उघडावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात अर्थ नाही. मला ते पटलं. त्याने वाटेसाठी कूलंटचे दोन डबे दिले.

बेळगाव ते निपाणी अंतर पंच्याहत्तरएक किलोमीटर. चांगल्या गाडीला सव्वा तास पुरतो. मला अडीच लागले. काकती मागे पडली आणि वंटमुरीच्या घाटात तापमानाचा काटा वर सरकला. मी कडेला थांबून बॉनेट उघडलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण लगेच काढू नका, हे जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. वीस मिनिटं थांबा. मोटारसायकलवरून कामाला निघालेले एक काका थांबले. त्यांनी वाफ पाहिली, मला पाहिलं.

"आक्का, हिला गाडी कशाला म्हणायचं? बंब हाय ह्यो. अंघोळ उरकून घ्या."

मदत हवी का असं त्यांनी नंतर विचारलं.

हत्तरगीचा टोल ओलांडल्यावर उप्पीट आणि चहा घेतला. टोलच्या अलीकडे-पलीकडे साधी खानावळवजा हॉटेलं आहेत. ज्याच्यासमोर ट्रक जास्त उभे, तिथे थांबावं. पुढे सहापदरी रस्त्याचं काम अजून चालू आहे आणि वळणाच्या पाट्या अगदी जवळ गेल्यावर दिसतात, म्हणून डावी बाजू धरावी. संकेश्वरच्या आसपास हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. तिथली हवा गोडसर असते. मी काचा वर घेतल्या. वास आत राहिलाच. साखर कारखान्याचा वास असाच चिकट, असं इकडे आम्ही सगळेच म्हणतो. हंगामात गोड वास आला की कोणी कारण शोधत नाही.

आत्याने तीस वर्षं निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलं. आधी चाळणीवर, मग पाला निवडायला. पाला कोणत्या शिवारातला, किती मुरलेला, त्याला पाणी लागलं का, हे ती वासावरून सांगायची. व्यापारी तिला बोलावून घ्यायचे आणि मजुरी मात्र सगळ्यात कमी, चाळणीचीच द्यायचे. याविषयी ती कधी रागाने बोलत नाही. बोलते तेव्हा नेमकं बोलते. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, तिने त्या मजुरीवर शिकवलं. म्हणून मी कॉलेजात शिकवते.

दुपारी भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. गल्लीतले लोक येऊन जयभीम घालून जात होते. आत्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखत होती. डोळ्यांपुढे धुकं आहे, एवढंच ती सांगते. तीन वर्षं ऑपरेशन टाळलं. बसच्या पायरीवरून पडल्यापासून बस नको म्हणते. मी तिला नव्या गाडीचं सांगितलं. ऑपरेशननंतर तपासणीच्या खेपा होतील, वाटेत बंद पडणारी गाडी नको, हप्ते मला झेपतील. ती भाकरी मोडायची थांबली.

"म्हंजे माझ्या डोळ्यापायी तू कर्ज काढणार."

मी म्हणाले, गाडी तशीही संपली आहे.

"संपली आसंल तर घे. माझ्यासाठी घेणार आसशील तर मी न्हाय येत. मला हितलं दिसतंय तेवढं बास हाय."

ती हे नाटकासाठी बोलत नव्हती. तिने कोपऱ्यात भरून ठेवलेली पिशवी उचलली आणि लुगडी परत ट्रंकेत ठेवली. संध्याकाळ त्यावरच गेली. शेवटी मी शब्द दिला की गाडी खरोखर दुरुस्त होण्यासारखी नसेल तरच बदलेन. तो शब्द देताना मला फारसं वाटलं नाही, कारण ती दुरुस्त होणार नाही याची मला खात्री होती. आत्याने पिशवी पुन्हा भरली.

रविवारी आठला निघालो. आत्या पुढच्या सीटवर, पिशवी मांडीवर. निपाणी सोडली की लगेच तवंदीचा घाट लागतो. चढ मोठा नाही, पण मला काट्यावरून नजर हलवता येत नव्हती. काचेवर आतून तेलकट धुरकटपणा धरला होता. तो मी फडक्याने पुसत होते. महिनाभर पुसतच होते.

आत्याने मान वळवली.

"गाडीत काकवी सांडलीया व्हय गं?"

नाही, मी म्हणाले, कारखान्याचा वास आहे.

"कारखाना अजून लई लांब हाय. वारं मागनं येतंय."

तिने काच खाली केली, बाहेरचा वास घेतला, काच वर केली, आतला घेतला. वखारीत दोन पेंढ्या तपासताना करत असेल तसं.

"मळीला आंबूस वास असतो. ह्यो नुसता गोड हाय. आन् ह्यो आतलाच हाय."

मग ती वाकली. पायाखालची रबरी चटई उचलून तिने गालिच्यावर हात दाबला. बोटं ओली झाली. पावसाळ्यात पाणी शिरलं असेल, असं मी दिवाळीपासून धरून चालले होते. आत्याने बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी धरली.

"पाणी न्हवं हे. चिकाट हाय."

काटा वर चढत होता. चढ संपेपर्यंत मी दुसऱ्या गिअरवर गेले, मग थांबून कूलंट ओतलं. डब्याचं झाकण उघडताच आत्या आतून म्हणाली, "ह्योच की."

संकेश्वरमध्ये हायवेलगत एक छोटं गॅरेज रविवारी उघडं असतं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. ते फोनवर कानडीत कोणाशी तरी हुज्जत घालत होते, आमच्याकडे वळून मराठीत आले. मी इंजिनची हकीकत सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं, ऑईलची पट्टी काढून पाहिली, ऑईलचं झाकण काढून आत बोट फिरवलं.

"इंजिन पाणी पीत असतं तर बहुतेक तेल दुधावानी झालं असतं. हे सोच्छ हाय. तुमास्नी काय वाटतं?"

प्रश्न मला होता. उत्तर आत्याने दिलं. तिने ओली बोटं पुढे केली.

आप्पा डॅशबोर्डखाली उताणे शिरले. पाचच मिनिटांत बाहेर आले. हीटरची जाळी फुटली होती. कूलंट रस्त्यावर न सांडता पायाखालच्या गालिच्यात मुरत होतं आणि त्याची वाफ काचेवर बसत होती. उद्यमबागेतल्या मेकॅनिकने गळती शोधली होती ती गाडीखाली. शिवाय गॅरेजात ऑईल आणि डिझेलच्या वासात त्याला हा वास येणार कसा?

बेळगावात हीटर कोण लावतं, मी विचारलं. आप्पा म्हणाले, तुम्ही लावा न लावा, त्याचा व्हॉल्व कधीचा उघडा अडकलाय, कूलंट तिकडे जातच राहतं. त्यांनी हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या काढून इंजिनकडेच एकमेकींना जोडल्या, दोन पट्ट्या आवळल्या. पाऊण तास लागला. मजुरी आणि सामान मिळून साडेसहाशे रुपये.

"आता गाडी ठेवू की देऊ?" मी विचारलं.

"पत्रा गेलाय, सीट बसलीया. ते तुमी बघा. इंजिनासाठी देऊ नका." मग आत्याकडे पाहून म्हणाले, "आक्का, हितं कामाला येता का?"

"मजुरी चाळणीची देणार आसशील तर न्हाय," आत्या म्हणाली.

वंटमुरीचा घाट आम्ही न थांबता उतरलो. उतारावर गाडी तापत नाही, म्हणून मी खाली पोचल्यावर वळवली आणि घाट पुन्हा चढले. काटा मध्यावर राहिला. पुन्हा उतरले.

ऑपरेशन नीट झालं. सोमवारी संध्याकाळी मी शोरूमला नकार कळवला. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, असा भाव पुन्हा मिळणार नाही. खरं असेल. मी गालिचा काढून गच्चीवर वाळत घातला होता.

मंगळवारी पट्टी निघाली. दवाखान्यातून बाहेर आलो, ऊन होतं. आत्या गाडीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ पाहत राहिली. उडालेला लाल रंग, गंजलेलं दार, तारेने बांधलेला बंपर.

"ही व्हय? लई म्हातारी झालीया गं. वासावरनं वाटली न्हवती."

मी म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, बदलू का?

ती पुढच्या दारापाशी गेली. बाहेरच्या आरशाकडे वाकली. चार-पाच वर्षांत तिने आरसा पाहिला नव्हता.

"मी बी अशीच दिसतीया व्हय आता?"

मी हो म्हणाले. खोटं तिला चाललं नसतं.

तिने पदर सारखा केला, दार उघडलं, आत बसली, आणि सवयीने एकदा वास घेतला.

"धूळ हाय नुसती," ती म्हणाली. "चल."