आत्याला बोलवायचंच राहिलं

माझी आत्या आज सकाळी गेली. हार्ट. आमच्या घराण्यात दुसऱ्या कशाने कुणी जातच नाही.

आधी आजोबा. मग पप्पा. आता ही.

मी पुण्याच्या एका लॅबमध्ये ह्याच आजारावर काम करते, म्हणून सकाळपासून जो भेटेल तो विचारतोय, "तुमच्या रिसर्चचं काय झालं?"

काय सांगू? थकलेय.

मागे आमच्याच घरच्यांचं रक्त तपासायचं ठरलं. चांदवडच्या काकांना फोन केला, "रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना गोळा करा."

जाऊन बघते तर काका, चुलतभाऊ, आणि झाडून सगळ्या सुना! आई अन् काकू तर बाही सरसावून पुढे बसलेल्या.

आत्याच नाही.

"ती दिल्या घरची ना आता," काका म्हणाले.

मी कपाळावर हात मारला.

आत्याला कळलं तशी ती मखमलाबादहून फुलांचा टेम्पो पकडून आली. "लग्नात मला दिली, माझं रक्त नाय बदललं. घे गं."

काकांच्या डीएनएमध्ये जो बदल होता, तोच तिच्यातही निघाला. पण तो कुठल्याच जीनच्या आत नाही, बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात. तिथून तो दुसऱ्याच कुठल्यातरी जीनचं काम बिघडवतो.

कुठल्या?

आम्ही शेजारचा जीन धरून चाललो. पार फसलो.

आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या बांधावर अन् पाणी जातंय लांबच्या वावरात?"

"हो. आणि पाइप जमिनीखाली."

"मग खण ना! बसलीस काय?"

खणतोय गं. आत्ता कुठे एका लांबच्या जीनवर संशय आहे. खात्री नाही. औषध तर फारच पुढे.

तिचा जीव फक्त लेकीत, सुमीत अडकला होता. "माझं जाऊ दे. सुमीला तपास."

सुमी ऐकायचीच नाही. "औषध नाय ना ताई? मग कळून काय करू? रोज मरू?"

तिच्याशी वाद घालून घालून मी शेवटी नाद सोडला होता.

आज आत्याला नेल्यावर सुमी माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून आवाज बसलेला.

"ताई, माझं रक्त घे."

"औषध अजून नाही, सुमे."

"माहितीय. घे तू."

मी तिला धरून खूप रडले.

दहावा झाला की लॅबला जाईन. सुमीचं रक्त घेऊनच.

आत्या, नीट जा गं. तुझ्या भाचीचा शेवटचा नमस्कार.