दादाच्या मागची सायकल

दादाला ऐकू येत नव्हतं. मेंदूज्वरातून तो वाचला, पण दोन्ही कान गेले. तेव्हा तो विशीत होता आणि मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव लाखनीजवळ. अंगणात उभं राहिलं की महामार्गावरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येत.

आजारातून उठल्यावर तो घरात बसेना. कॉलेज सुटलं होतं, वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलता येत नव्हतं. सायकल काढून तो निघून जायचा. कुठे तलाव, कुठे टेकडीवरचं देऊळ, कुठे धानाच्या बांधीत उतरलेली सारसांची जोडी. त्याला सगळं पाहायचं होतं. आसगावला आत्याकडे मुक्काम करून पवनीचा जुना तट पाहायचा, हेही ठरवून ठेवलं होतं. पण कुठेही जायचं तर आधी महामार्ग लागे. तो तेव्हा अरुंद होता. मागून येणारा ट्रक हॉर्न देई आणि सायकलवाला रस्त्याखाली उतरला असं धरून पुढे येई. दादा उतरत नसे.

एकदा एका ट्रकचा आरसा त्याच्या खांद्याला घासून गेला. आईनं सायकलला कुलूप घातलं. दादानं जेवण सोडलं. शेवटी आईनं त्याच्या तोंडासमोर उभं राहून, ओठ हलवून सांगितलं, "हे मागं राहीन. हिच्याबिगर रोडवर जायचं नाही."

हे म्हणजे मी.

हँडलला आरसा लावून पाहिला होता, पण खड्ड्यांवर तो हलायचा आणि त्यात फक्त आभाळ दिसायचं. मग सुतळी आली. एक टोक त्याच्या डाव्या कोपराला, दुसरं माझ्या हँडलला, झटका बसला की सुटेल अशा गाठीनं. एकदा ओढलं की मागून गाडी आहे, खाली उतर. दोनदा ओढलं की थांब.

चौकातल्या चहाटपरीवरची माणसं आमची वाटच पाहत असत.

"काय वो बाई, बैल हाकून राहिली काय?"

"कासरा लंबा ठेव, नाहीतं पळून जाईन!"

दादाला ओठांवरून बरंच कळायचं. तो ओरडून म्हणायचा, "मंग बैलाले तणस टाका ना!"

सगळे हसत. मला हसू येत नसे. जाताना रस्त्याकडेचं मला काहीच दिसत नसे. कान मागे, डोळे त्याच्या कोपरावर. तलावावर पोचलो की तो तासभर पक्षी पाहत बसायचा आणि मी परतीच्या रस्त्याचा विचार करत बसायची. हॉर्न न देणारा एखादा ट्रक असेलच, असं मला सारखं वाटे.

भीती खरी झाली ती मात्र रस्त्यावर नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही एकोडीला आईच्या मावशीकडे मुक्कामाला गेलो. तिथून पुढे जंगलाच्या कडेला एक तलाव होता. सायकली मावशीआजीच्या अंगणात ठेवून सकाळी लवकर पायी निघालो. पायी होतो म्हणून सुतळी बांधली नाही. तलावाच्या पाळीलगत मोहाची झाडं होती आणि गावातल्या बाया फुलं वेचत होत्या. झाडांखालचा पालापाचोळा जाळलेला होता, थोडा धूर होता. मोहाच्या दिवसांत तिथे अस्वलं येतात. म्हणून बाया वेचता वेचता एकमेकींना हाका देत. एकीनं "हो" म्हटलं की प्रत्येकीनं "हो" म्हणायचं. जिचं उत्तर आलं नाही तिला शोधायला सगळ्यांनी जायचं.

"तो कोण हाय वो? बोलत काहून नाही?" टोपली घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं.

"माझा भाऊ आहे. ऐकू येत नाही त्याले."

"मंग त्याचं हो तू म्हन."

मी त्याचंही "हो" म्हणत राहिले. दादा पाळीवरून खाली उतरला आणि पाण्याच्या काठाशी उकिडवा बसून बदकं पाहू लागला. त्याची पाठ आमच्याकडे होती.

अस्वल त्याच्या उजव्या हाताच्या झुडपांतून निघालं. माझ्यात आणि दादात जेवढं अंतर होतं, त्याहून कमी अंतर त्याच्यात आणि दादात होतं. सगळ्या बाया एकदम ओरडल्या. कुणी डबा वाजवू लागली, कुणी काठीनं खोड बडवू लागली. मी "दादा, दादा" ओरडत होते. त्याला ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, तरी ओरडत होते. एवढ्या गोंधळात तो एकटा शांत बसला होता. त्यानं हात वर करून मानेवरची माशी हाकलली.

मी पाळीवरून उतरायला लागले. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"तू गेली तं दोघंही जाता. जागची हालू नको."

मी हात सोडवायला पाहिलं. तिनं सोडला नाही. दोन बायांनी पेटता पाला काठीवर उचलून हलवला. अस्वल थांबलं, मान वळवून धुराकडे पाहिलं आणि पाण्याच्या काठानं चालू लागलं, म्हणजे दादाच्याच बाजूनं. ते त्याच्या पाठीमागून गेलं. दादानं हात मागे नेला असता तर अस्वलाच्या केसांना लागला असता. पुढे गेल्यावर ते त्याला दिसलं. तो उठला नाही. अस्वल झुडपांत शिरलं.

म्हातारीनं माझा हात सोडला. दादा उठून आमच्याकडे वळला. आम्ही सगळ्या तोंडं उघडी टाकून उभ्या होतो. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात जळती काठी. त्यानं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"केव्हापासून होतं?" त्यानं विचारलं.

मग एक बाई हसायला लागली, थांबेचना. "बहिरा हाय म्हनून वाचला गा तू! ऐकलं असतं तं पळला असता, अन् मेला असता!" बाकीच्याही हसल्या. दादाला ते कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. मावशीआजीच्या घरापर्यंत तो दर चार पावलांना मागे वळून पाहत होता.

निरोप आमच्या आधी घरी पोचला. दादा अस्वलापासून वाचला आणि पोरगी त्याच्याकडे धावत सुटली होती, असा तो निरोप. आईनं दादाला काही म्हटलं नाही. मला म्हणाली, "तू आता जायचं नाही. एक गेलं तं एक राहीन."

वडील म्हणाले, "मंग त्याचीही सायकल बंद कर." पण आईनं सायकलला कुलूप घातलं नाही. जेवण सोडल्याचे दिवस तिला आठवत असावेत.

पुढच्या रविवारी दादा एकटा गेला, लाखनीपलीकडच्या तलावावर. आई आणि मी अंगणात तांदूळ निवडत बसलो. हॉर्न वाजला की आईचा हात थांबे. एक ट्रक बराच वेळ हॉर्न देत राहिला, मग एकदम बंद झाला. आई उठून फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

दुपार कलल्यावर तो आला. चेहरा धुळीनं भरलेला होता. माझ्याजवळ बसून, माझ्यापुरतं म्हणून तो बोलला. पण आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला आता कळत नसे.

"तलावापर्यंत नाही गेलो. रोडवरून उतरून मागं पाहत होतो, वर चढलो का पुन्हा उतरत होतो. भेव लागते, बाई. तू होती तवा नव्हतं लागत."

चुलीपाशी आईनं ते ऐकलं. भात लागल्याचा वास आला तरी तिनं भांडं उतरवलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दादानं सायकल बाहेर काढली आणि तिच्याकडे नुसता पाहत उभा राहिला. आई ओट्यावर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"जा त्याच्या मागं," ती म्हणाली.

मी माझ्या सायकलची हवा पाहायला उठले.